माशाच्या पोटातला पाहुणा



नारू रोगाचे दिवस पाहिलेल्या जुन्या मंडळींना तो पसरवणारा, विहिरीच्या पाण्यातला 'सायक्लॉप्स' आठवत असेल. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या तळ्यांत, त्याच्याच जातकुळीतल्या सूक्ष्म जिवावाटे एक पट्टकृमी बोटभर स्टिकलबॅक माशाच्या पोटात शिरतो. तिथे तो असा फोफावतो की कधीकधी त्याचं वजन यजमानाच्या वजनाला जाऊन भिडतं! पाहुणा कसला, सावकारच म्हणा. पुढे त्याला मासेखाऊ पक्ष्याच्या आतड्यात पोहोचायचं असतं. अंडी तो तिथेच घालतो. आणि नेमका असा बाधित मासा पक्ष्यापासून फारसा पळत नाही.

हा मासा मूळचा समुद्रातला. हिमयुग सरल्यावर, सुमारे 12,000 वर्षांपूर्वी तो तळ्यांत स्थिरावला आणि या कृमीशी त्याची नेहमीची गाठ पडू लागली. रोझेल तळ्यातल्या माशांनी जालीम उपाय कमावला. पोटात व्रणासारख्या तंतूंचं जाळं तयार होतं आणि कृमीची वाढ खुंटते. पण त्यात आतले अवयव एकमेकांना चिकटतात, प्रजननावरही परिणाम होतो. गॉसलिंग तळ्यातले मासे ही किंमत मोजत नाहीत. ते कृमीला चक्क सोसतात. जीवशास्त्रज्ञ डॅनियल बोलनिक आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हे मांडलं.

कृमीही सगळीकडे सारखे नाहीत बरं का! नॉर्वेतले कृमी जर्मनीतल्या आपल्या भाऊबंदांपेक्षा माशाच्या पोटात कितीतरी मोठे होतात.