पेरलें केव्हां आणि उगवलें केव्हां?

(धायरी येथील सभेंत केलेलें भाषण)



आज आम्हीं जो विषय घेतला आहे, त्यास पंडित लोक 'कार्यकारणभाव' असें भारदस्त नांव देतात. नांव ऐकून भिण्याचें कारण नाहीं. जोंधळा पेरला तर गहूं उगवत नाहीं हें ज्या शेतकऱ्यास कळतें, आणि विरजण घातल्याशिवाय दहीं लागत नाहीं हें ज्या बाईस कळतें, त्या दोघांसही हें शास्त्र येतें. मग अडतें कोठें? आमच्या मतें एकाच ठिकाणीं. कारण आणि परिणाम ह्यांमध्यें जेव्हां दिवस, महिने किंवा पिढ्या जातात, तेव्हां मूळ कारण नजरेआड होतें, आणि त्या मोकळ्या जागेंत भलतेंच कारण येऊन बसतें. विस्तवाला हात लागला कीं तत्काळ चटका बसतो. म्हणून विस्तवाविषयीं कोणी भगताला कौल लावीत नाहीं. पण दूषित पाण्याचा चटका तीन आठवड्यांनीं बसला, कीं नशीब, नजर, करणी, साडेसाती हे सगळे पाहुणे दारांत उभे राहतात.

उदाहरण ह्याच गांवचें आहे. २०२५ च्या जानेवारींत धायरी, नांदेड, किरकिटवाडी, खडकवासला ह्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यांत धडधाकट माणसांच्या पायांतील बळ अकस्मात् जाऊं लागलें. आधीं मुंग्या, मग उठवेना, बसवेना. कांहींना श्वासासाठीं यंत्र लावावें लागलें. रोगाचें नांव गिलॅन-बॅरे. १९१६ सालीं फ्रान्सांतील वैद्यांनीं त्याचें वर्णन केलें होतें. एरव्हीं लाखांत वर्षाला एखाद-दुसऱ्यास होणारा हा रोग. त्या साथींत पुणें आणि आसपासचा मुलूख मिळून दोनशेंहून अधिक रोगी नोंदले गेले, आणि कांहीं दगावलेही.

अशा रोग्यास 'काल काय खाल्लेंस?' असें विचारून काय उपयोग? ह्या रोगाचें बीं बहुधा एक ते तीन आठवडे आधीं पेरलेलें असतें. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनें रोग्यांच्या शौचाचे नमुने तपासले, तेव्हां कांहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय नांवाचा जंतु आणि कांहींत नोरोव्हायरस सांपडला. हा जंतु दूषित पाण्यांतून किंवा नीट न शिजलेल्या कोंबडीच्या मांसांतून पोटांत जातो. चार दिवस जुलाब होतात, थांबतात, आणि माणूस तें विसरून कामाला लागतो. पण शरीराचे पहारेकरी विसरत नाहींत. ह्या जंतूच्या आवरणाचा एक भाग आपल्या मज्जातंतूंवरील द्रव्यासारखा असतो. चोराचा अंगरखा ओळखून ठेवलेला पहारेकरी, तसाच अंगरखा घातलेल्या घरधन्याला झोडपूं लागावा, तसा हा प्रकार. तो फारच थोड्यांच्या वांट्याला येतो. म्हणून 'मीही तेंच पाणी प्यालों, मला कांहीं झालें नाहीं' असें म्हणणारा शेजारी खोटें बोलत नसतो. पण तेवढ्यावरून पाणी निर्दोष ठरत नाहीं.

दुसरी फसगत बरें होण्याच्या वेळीं होते. ह्या रोगांतून बहुतेक माणसें उपचारांनीं आठवड्यांत, महिन्यांत सांवरतात. त्या मुदतींत कोणी अंगारा लावला, कोणी गंडा बांधला, कोणी ग्रहशांतीची दक्षिणा दिली, तर यश त्याच्या पदरांत पडतें! एक गोष्ट दुसरीच्या मागून आली म्हणून ती तिच्यामुळेंच आली असें होत नाहीं. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, हें आमच्या आजीबाईंनीं कोणतीही पोथी न वाचतां ताडलें होतें.

मग खरें कारण ओळखावें कसें? एका माणसाकडे पाहून नव्हे, पुष्कळांची तुलना करून. १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीची साथ आली, तेव्हां दुर्गंधी हवेनें रोग होतो असें विद्वानांचें मत होतें. डॉक्टर जॉन स्नो घरोघर हिंडला आणि पाणी कोणत्या पंपाचें तें विचारीत गेला. पंपाजवळच्याच मद्याच्या कारखान्यांतील कामगार तें पाणी पीत नव्हते, ते वांचले. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई तेंच पाणी मुद्दाम मागवून पीत असे, ती मेली. हवा कारण असती तर ह्याच्या उलट घडतें. पीत होते त्यांचें काय झालें, पीत नव्हते त्यांचें काय झालें, हे दोन प्रश्न एकत्र विचारणें हेंच विज्ञान.

आतां धायरीकडे वळूं. उशाला धरण आणि घशाला कोरड, अशी ह्या पट्ट्याची स्थिति. धायरी २०१७ सालीं महापालिकेंत आली. नांदेड, किरकिटवाडी २०२१ सालीं. इमारती आधीं उभ्या राहिल्या, नळ आणि गटारें मागाहून. मधली पोकळी विहीर, टँकर आणि वीस लिटरचे जार ह्यांनीं भरली. साथींत संशयाचें बोट नांदेडच्या मोठ्या विहिरीकडे गेलें. खासगी आरओ केंद्रेंही तपासलीं गेलीं, आणि त्यांतील कांहींस महापालिकेनें टाळें लावलें. पुष्कळांस वाटतें कीं आरओचें पाणी गोड लागतें म्हणून तें शुद्ध. पण तें यंत्र पाण्यांतला क्लोरीनही काढून टाकतें. पुढें टांकी किंवा जार अस्वच्छ असेल, तर त्या गोड पाण्याला राखण उरत नाहीं.

कोणी विचारील, जंतु कारण, विहीर कारण, कीं कारभार कारण? आम्ही म्हणतों, ही एकच सांखळी आहे. पाणी उकळून प्यावें, हा सल्ला अगदीं बरोबर. उकळण्यानें हा जंतु मरतो. पण ज्या घरीं गॅस मोजून जाळावा लागतो, त्या घरच्या बाईवर सांखळीचा शेवटचा दुवा सोंपवून वरचे दुवे मोकळे सोडणें हा न्याय नव्हे.

पुण्यानें हा धडा पूर्वींही महाग किंमतीनें घेतला आहे. १८९७ च्या प्लेगांत लोक देवीला कौल लावीत होते, आणि सरकार घरें धूत होतें, सामान जाळीत होतें. आधीं उंदीर मरत, मागाहून माणसें. मधलें अंतर कोणास उलगडेना. रोग उंदरावरील पिसवेनें पसरतो हें सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरनें १८९८ सालीं कराचींत दाखविलें. त्यापूर्वींच, १० मार्च १८९७ रोजीं, रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले प्लेगनेंच गेल्या होत्या.

आणि समाजाचें काय? तेथें हें अंतर पिढ्यांचें असतें. आजोबास शाळेचें दार बंद होतें; त्याचा परिणाम नातवाच्या गुणपत्रिकेवर दिसतो. मधलीं साठ वर्षें कोणी मोजीत नाहीं, आणि 'ह्यांच्या जातींतच बुद्धि कमी' हें खोटें कारण त्या जागीं बसतें. जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हां आरंभींच दारिद्र्याची सांखळी कडीकडीनें मागें नेऊन विद्येच्या अभावाशीं पोंचविली, ती ह्याचसाठीं. त्यांनींच १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. कारण सांपडलें कीं हात लावावयाचा, अशी त्यांची रीत होती.

तेव्हां आमचें सांगणें थोडकें आहे. घरांत कोणास जुलाब झाले तर दिनदर्शिकेवर तारीख लिहा, आणि त्या आठवड्यांत पाणी कोठलें होतें तेंही लिहा. जुलाबानंतर पायांत बळ नाहींसें वाटलें, तर अंगाऱ्याची वाट न पाहतां त्याच दिवशीं दवाखाना गांठा. आणि चाळीस घरांच्या अशा नोंदी एकत्र करून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांत ठेवा. एका घराची तक्रार 'योगायोग' म्हणून परत येते. चाळीस घरांच्या तारखा जुळल्या, कीं योगायोग हा शब्द उच्चारणें कारभाऱ्यांस जड जाईल.