भाकरी कोणी थापायची?

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले कोणी आहारतज्ज्ञ होतील, कोणी अन्नप्रक्रिया उद्योगात जातील, कोणी अंगणवाड्यांचं काम पाहतील. लवकरच तुमच्या हाती एक तक्ता येईल आणि लोकांना 'सकस खा' असं सांगायचं काम गळ्यात पडेल. ते सांगण्याआधी, लोकांनी चांगलं खाणं का सोडलं ते नीट बघा, एवढीच माझी विनंती आहे.

ज्वारीचंच घ्या. सोलापूर, मराठवाडा भागात शाळूची भाकरी हे रोजचं जेवण होतं. ते काही अडाणीपणामुळे सुटलं नाही. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्तात मिळू लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असा दर लिहिलेला होता. आता तर ते धान्य मोफत मिळतं. तरी पिशवीत पडतात ते बहुतेक गहू-तांदूळच. तिकडे रब्बीची ज्वारी उपटायला मजूर मिळेनात, म्हणून शेतकरी हरभऱ्याकडे वळला. चांगली मालदांडी ज्वारी आज गव्हापेक्षा महाग पडते. जे गरिबाचं धान्य होतं ते शहरातल्या डाएटवाल्यांचं झालं. यावर आपण कसली जनजागृती करणार?

आणखी एक कारण आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. ते म्हणजे बाईचं मनगट. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पोळ्यांच्या कणकेसारखं पीठ भिजवून झाकून ठेवता येत नाही. गरम पाण्यात एकेका भाकरीपुरतं मळायचं, तळहाताने रगडायचं, परातीत थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग विस्तवावर फुगवायची. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी काठाला चिरते. म्हणजे दळण थोडं थोडं आणायचं, गिरणीच्या फेऱ्या वाढवायच्या. हे सगळं घरातली एकच बाई करते, सगळ्यांना गरम गरम वाढते आणि शेवटी जेवायला बसते. तिने एखाद्या संध्याकाळी पावावर भागवलं, तर तिला तंतुमय पदार्थांवर व्याख्यान देणारे आपण कोण?

म्हणून माझ्या मते आहारशिक्षणाचा पहिला धडा फळ्यावर नको, परातीत हवा. सातवी-आठवीच्या मुलामुलींना, त्यातही मुलग्यांना आधी, भाकरी थापायला शिकवा. खेड्यापाड्यांत शालेय पोषण आहार बऱ्याचदा शाळेच्या आवारातच शिजतो. तिथे आठवड्यातून एक तास मागून घ्या. पहिल्या भाकरीचा नकाशा होईल, होऊ दे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला. शास्त्रज्ञांनी त्यांचं काम केलं. पण घरात थापणारे हात दोनच राहिले तर तो वाण ताटात यायचा कसा?

जे कारखान्यात जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडं वेगळं. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हे तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल. दुकानात 'मल्टिग्रेन' म्हणून विकलं जाणारं बिस्किट उलटून बघा. पुष्कळदा पहिला मैदा, मग साखर, पामतेल आणि नाचणी कुठेतरी शेपटाला. बरं, ही यादी इंग्रजीत किंवा हिंदीत असली की नियम पाळला गेला. मराठी ज्याच्या त्याच्या मर्जीवर. नातवासाठी पुडा घेणाऱ्या आजीने ती वाचावी अशी अपेक्षाच नसते. तुमची सही चालू लागेल त्या दिवशी ही यादी मराठीत आणि चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत छापायचा आग्रह धरा. जागा नाही, असं विक्री विभाग म्हणेल. दर्शनी बाजूवरची कणसं जरा लहान केली की जागा निघते.