मंदिरातील वाद्यवृंद
(सुवर्णमहोत्सवी वर्षी संत सिसिलियाच्या सणादिवशी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी मजकडे एक अर्ज दिला आहे. रविवारच्या पवित्र मिस्सेस साथ करण्यास गिटार, कीबोर्ड व ड्रम यांचा वाद्यवृंद स्थापन करावा, अशी त्यांची विनंती आहे. हे ऐकून वडीलधारी मंडळी व्यथित झाली. कारण आपल्या वसईत बँड म्हटला की लग्नाची वरातच डोळ्यांपुढे उभी राहते!

वडिलांच्या म्हणण्यास आधार नाही असे नव्हे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे आजच्याच सणादिवशी, परमगुरू दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी आज्ञापत्र काढून पियानो, ढोल, झांजा इत्यादी वाद्यांस मंदिरात मज्जाव केला. बँड तर बाहेरच्या मिरवणुकीतच, आणि तोही बिशपस्वामींच्या अनुज्ञेने चालावयाचा. परंतु १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाईप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही द्वार उघडले. मात्र ती मंदिराच्या प्रतिष्ठेस साजेशी व भाविकांच्या उन्नतीस साहाय्यक असावीत, असे ठरविले. तेव्हा अडचण नियमाची उरलेली नाही.

ती कोठे आहे हे सांगण्यासाठी मला माझाच एक प्रमाद कबूल केला पाहिजे. गुरुदीक्षा होऊन थोडीच वर्षे झाली असता एका धर्मग्रामात मी असाच वृंद मोठ्या उत्साहाने उभा केला. तेथील वृद्ध मेस्त्री कित्येक वर्षे व्हायोलिन वाजवून लोकांस गावयास लावीत. "मेस्त्री, आता आपण विश्रांती घ्या," असे मी त्यांस म्हटले. ते काही बोलले नाहीत. व्हायोलिन पेटीत ठेवून खाली बाकावर जाऊन बसले. वृंद उत्तम वाजवू लागला, पण वर्षभरात बाके मुकी झाली. आयाबायांचा गळा कोठवर चढतो हे मेस्त्रींस ठाऊक होते, आम्हांस नव्हते. आमच्या पट्टीत गाणे त्यांना झेपेना. दगडी भिंतींत ड्रमचा नाद घुमून शब्द बुडत, ते वेगळेच. पुढे मेस्त्रींच्या दफनविधीस वृंदाने सुंदर गीत वाजविले, आणि ज्यांना त्यांनी गाणे शिकविले ती माणसे ओठ मिटून उभी होती.

फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्यातील ओवीस वाद्य लागत नाही, गळा पुरतो. वाद्य आले ते त्या गळ्याच्या सेवेस यावे.

तरुणांनो, वृंद अवश्य काढा. पट्टी मात्र शेवटच्या बाकावरील आजीबाईंस विचारून ठरवा. ड्रम वर्षभर थांबू द्या. तूर्त ढोलकी, तीही हलक्या हाताने. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरची शांतता वाजवून भरू नका. प्रायश्चित्तकाळात, काही सण वगळता, वाद्यांनी केवळ गायनास आधार द्यावयाचा असतो, हेही ध्यानात असू द्या.

आपल्या मेस्त्रींच्या घरी मी परवा जाऊन आलो. प्रथम त्यांनी साफ नकार दिला. मग पलंगाखालची पेटी ओढून उघडून दाखविली. व्हायोलिनच्या दोन तारा तुटलेल्या आहेत. त्या तरुणांनी मुंबईहून आणावयाच्या आहेत. पहिली तालीम येत्या गुरुवारी, संध्याकाळच्या रोझरीनंतर.