बाळाच्या वाटींतील पाणी



३८ वर्षें मीं वर्गांत मुलांना शिकविलें. परंतु मूल वाढतें कशानें, हा धडा मला माझ्या नातीनें ती नऊ महिन्यांची असतांना दिला. सहाव्या महिन्यापर्यंत ती अंगानें चांगली भरलेली होती. पुढें घरच्या शिरस्त्याप्रमाणें तिला वरणाचें पाणी आणि भाताची पेज सुरू झाली. "दांत आले नाहींत, घट्ट कांहीं देऊं नका," हा हुकूम माझाच. वाटी रोज रिकामी होई. अंगणवाडींतील तक्त्यावर वजनाची रेघ मात्र तीन महिने आडवीच राहिली. सूनबाईंनीं एकदां दबकत विचारलें होतें, "मामंजी, तळाशीं राहिलेली डाळ बाळाला कां नको?" मीं वर्तमानपत्रांतून डोकेंही वर काढलें नाहीं. तोच प्रश्न अंगणवाडीच्या बाईंनीं केला, तेव्हां ऐकावें लागलें!

पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून मुलाला कांहींच नको, पाणीसुद्धां नको. पुढें वाढीला तें एकटें पुरत नाहीं. जन्मतः अंगांत आलेला लोहाचा सांठाही याच सुमारास संपत येतो. मुलाचें पोट लहान. तें पाण्यानें भरलें कीं मूल तृप्त दिसतें आणि उपाशी राहतें. म्हणून चमच्यावरून ओघळणार नाहीं असा दाट घास हवा: मऊ भात, घोटलेली डाळ, शिजवून कुस्करलेली पालेभाजी, वर थोडें तूप. ज्यांना वर्ज्य नाहीं त्यांनीं नीट शिजविलेलें अंडेंही द्यावें. मऊ घास हिरड्यांनीं सहज चिरडतो. दांतांची वाट कशाला पाहावी?

नाचणी आपल्या कोंकणांत पूर्वापार आहे. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तांदुळांत तें अगदीं थोडें. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, मंद आंचेवर किंचित् भाजून दळावी. मोड आल्यानें पिष्टाचे दुवे तुटतात व अधिक पीठ घालूनही खीर गिळण्याजोगी सैल राहते. हा सैलपणा पाणी वाढविल्याचा नव्हे, हें ध्यानांत घ्यावें.

सहा ते आठ महिन्यांच्या मुलाला दिवसांतून दोन-तीन वेळां, त्यापुढें तीन-चार वेळां भरवावें. आईचें दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेंही चालूं द्यावें. वर्ष पुरें होईपर्यंत मध चाटवूं नये; त्यांतील जंतुबीजांपासून तान्ह्याला घातक विषबाधा होऊं शकते. आणि चहांत बुडविलेलें बिस्किट! आजोबांच्या बशींतून तें हटकून मिळतें. चहामुळें अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं, हें मलाही उशिरां कळलें.

सूनबाईंनीं त्याच संध्याकाळीं तळची डाळ भातांत कालवून भरविली. पोरीनें प्रथम थुंकून टाकली, चौथ्या दिवशीं गिळली. दुसऱ्या महिन्यांत तक्त्यावरची रेघ वर वळली. तो तक्ता सूनबाईंनीं माझ्या टेबलावर, चष्म्याखालीं, मुकाट्यानें ठेवून दिला होता.