वाचलेली फेरी, वाचलेला रुपया



तालुक्याच्या गावाकडे निघालेली सकाळची पहिली एस. टी. गाडी पाहिली, की ग्रामीण कुटुंबाच्या जमाखर्चाचे एक लहानसे दर्शन घडते. तीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी निघालेला शेतमजूर असतो, औषधाची चिठ्ठी पदराला बांधलेली वृद्धा असते, बाजाराची पिशवी घेतलेली गृहिणी असते आणि दप्तर मांडीवर ठेवून अभ्यास उजळणारी मुलगी असते. प्रत्येकाजवळ मोजके पैसे असतात व ते कशासाठी खर्च व्हायचे, हेही ठरलेले असते. संध्याकाळच्या गाडीने हीच माणसे परततात. काहींचे काम झालेले असते, काहींचे झालेले नसते. ज्याचे काम झाले नाही, त्याला आणखी एकदा यायचे असते. बचतीविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु या दुसऱ्या फेरीचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. आज तो मांडावयाचा आहे.

तिकिटापेक्षा मोठा खर्च

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या मजुराची दिवसाची मजुरी ५०० रुपये आहे, असे समजा. तालुक्याला जाण्यायेण्याचे भाडे ८० रुपये, कागदपत्रांच्या छायाप्रतींचे २० रुपये आणि चहाफराळाचे ४० रुपये. बुडालेली मजुरी धरून त्या दिवसाचा खर्च ६४० रुपये झाला. त्यात तिकिटाचा वाटा अवघा एक अष्टमांश आहे. काम झाले नाही आणि पुन्हा जावे लागले, तर हाच आकडा १२८० वर जातो. दाखल्याचे शुल्क थोडे, पण दाखला हाती पडेपर्यंत गाठीचे हजार-बाराशे रुपये संपलेले! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच.

म्हणूनच प्रवासातील पहिली आणि सर्वांत मोठी बचत तिकीट-खिडकीपाशी होत नाही. ती घरून निघण्यापूर्वी होते. कोणते कागद लागतील, मूळ प्रती हव्यात की छायाप्रती, ज्या अधिकाऱ्यास भेटावयाचे तो त्या दिवशी कचेरीत असेल काय, परतीची शेवटची गाडी किती वाजता, एवढ्या चार गोष्टी आदल्या दिवशी विचारून घेतल्या, तर निम्मे हेलपाटे टळू शकतात. बँक, दवाखाना, कृषी कार्यालय आणि बाजार ही कामे एकाच दिवशी उरकण्याची सवय जुन्या माणसांना होती, कारण त्यांना बैलगाडी जुंपावी लागे. आज वाहने वाढली, तशी ही शिस्त सैल झाली. शेवटची गाडी चुकल्यावर वडापच्या जीपसाठी मोजावे लागणारे पैसे हा या सैलपणाचाच दंड होय.

सवलत आहे, माहिती हवी

१ जून १९४८ रोजी पुणे ते त्या वेळचे अहमदनगर या मार्गावर राज्यातील पहिली एस. टी. धावली. तेव्हापासून एस. टी. हे सामान्य माणसाचे वाहन झाले आणि काळाच्या ओघात अनेक समाजघटकांसाठी भाड्यात सवलती आल्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला. ६५ ते ७५ या वयोगटास भाड्यात निम्मी सूट आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येऊ लागला. पाच वर्षांखालील बालकास तिकीट लागत नाही आणि बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट पुरते. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते. म्हणजे तीन रुपयांच्या ठिकाणी एक रुपया भरावा लागतो. ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेखाली पास विनामूल्य मिळतो. शाळांच्या शैक्षणिक सहलींसाठीही एस. टी. निम्म्या भाड्यात गाडी देते.

या सवलती कागदावर असणे आणि त्या प्रवाशाच्या हाती पडणे, यांत अंतर आहे. वयाचा पुरावा घरी राहिला, की पूर्ण भाडे भरावे लागते. पासाच्या अर्जावर शाळेची सही वेळेत झाली नाही, की महिनाभर रोजचे तिकीट काढावे लागते. एखाद्या घरात दोन-तीन मुले शिकत असतील, तर तेवढ्यावरून धाकट्या मुलीची शाळा बंद करण्याचा विचार बळावतो. ज्या प्रवासाला शासनाने पैसा लागू दिलेला नाही, तो प्रवास पैशाअभावी थांबावा, ही गोष्ट शिक्षक व पालक या दोघांनीही मनाला लावून घेण्याजोगी आहे.

जुनी माहितीही कधी कधी तोट्यात घालते. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली, हे ठाऊक नसल्याने यात्रेचा अंदाज चुकलेली वृद्ध जोडपी आढळतात. रेल्वेत पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र शायिका मागितली, तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. शायिका नको असेल तर अर्धे. दुसरीकडे, रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे प्रत्येक किलोमीटरमागे कमी होत जाते, म्हणून दोन तुकड्यांत तिकीट काढण्यापेक्षा थेट शेवटच्या स्थानकाचे तिकीट बहुधा स्वस्त पडते. एस. टी.ने १९८८ पासून चालविलेल्या ‘आवडेल तेथे प्रवास’ या योजनेत चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. अनेक तीर्थक्षेत्रे एकाच दौऱ्यात करू इच्छिणाऱ्या कुटुंबाने सुट्या तिकिटांची बेरीज आणि पासाची किंमत शेजारी शेजारी मांडून पाहावी. आकडेच निर्णय सांगतील.

दिंडीची शिकवण

काटकसरीने दूरचा प्रवास कसा करावा, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकावयाचे नाही. आषाढीच्या वारीत आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत चालणारी दिंडी पाहावी. दिंडीतील वारकरी ठरलेली वर्गणी आधी देतात. धान्य, तंबू आणि स्वयंपाकाची भांडी एका वाहनातून पुढे जातात; मुक्कामाची जागा व दुपारच्या विसाव्याचे ठिकाण ठरलेले असते. एकट्याला जे परवडले नसते, ते शंभर जणांना मिळून परवडते. पैसे आधी जमा, खर्च सामाईक आणि प्रत्येक मुक्काम ठरलेला, या तीन गोष्टींवर ही व्यवस्था उभी आहे. शाळेची सहल असो, पंचायत सदस्यांचा अभ्यासदौरा असो किंवा लग्नाचे वऱ्हाड असो, याच तीन गोष्टी पाळल्या, तर ऐनवेळी उसनवारी करण्याची पाळी येत नाही.

घरातील गळती

प्रवासाला लागू पडते, तेच घराला. १०० वॉटचा जुना दिवा दहा तासांत एक युनिट वीज खातो. ९ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्याच विजेवर शंभराहून अधिक तास जळतो. सुगीच्या दिवसांत वर्षाचे धान्य भरून, वाळवून, पाखडून ठेवणारी गृहिणी पावसाळ्यातील चढ्या भावापासून घराला वाचविते. मात्र घराला पडणारे सर्वांत मोठे भगदाड व्याजाचे असते. ‘शेकडा पाच’ हा दर ऐकावयास लहान वाटतो. परंतु तो महिन्याचा असतो. वर्षाला शंभर रुपयांवर साठ रुपये व्याज झाले. दिवा-बत्तीत वर्षभर केलेली काटकसर अशा एका कर्जात वाहून जाते. म्हणून आजारपण, बियाणे आणि शाळेचा प्रवेश या तीन वेळांसाठी थोडी रक्कम हाताशी असणे, ही गरीब घराची खरी संरक्षक भिंत होय.

काटकसर आणि कुचराई यांतील भेदही येथेच स्पष्ट व्हावयास हवा. गाडीभाडे वाचावे म्हणून गरोदर स्त्रीची तपासणी पुढे ढकलणे, ताप उतरेल या आशेने मुलाला घरी ठेवणे, ही बचत नव्हे. २०१४ पासून राज्यात १०८ या क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका बोलाविता येते. हा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला असणे कोणत्याही बचतीइतकेच मोलाचे आहे.

वाचलेल्या पैशाला ठिकाण हवे

आता एका अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. सवलतीमुळे वाचलेला पैसा जातो कोठे? आठवड्याच्या बाजाराला जाणाऱ्या एखाद्या भगिनीचे जाण्यायेण्याचे पूर्ण भाडे १२० रुपये आहे, असे धरू. निम्म्या तिकिटामुळे दर खेपेस ६० रुपये वाचतात. बावन्न आठवड्यांचे ३१२० रुपये झाले. पण वर्षअखेर तिला विचारले, तर ही रक्कम तिच्या हाती दिसत नाही. ती बाजारातच किरकोळ खरेदीत विरून जाते. पैसा वाचणे आणि पैसा साठणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली आपोआप घडते. दुसरी घडवावी लागते.

ती घडविण्याची साधने गावाजवळच आहेत. टपाल खात्याची बचत बँक १८८२ पासून चालू आहे. तिच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा किमान १०० रुपये भरता येतात. दरमहा ३०० रुपये भरले, तर पाच वर्षांत मुद्दलच १८,००० रुपये होते, व्याज निराळे. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी तिच्या नावे सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. दहा वर्षांवरील मुलाला टपाल कार्यालयात स्वतःच्या नावाने बचत खाते काढता येते. एके काळी अनेक शाळांत ‘संचयिका’ चालत आणि मुले खाऊचे पैसे तीत ठेवीत. तो संस्कार शिक्षकांना या खात्यांच्या रूपाने आजही जागविता येईल.

महिलांच्या बाबतीत बचत गटाने जे केले, ते सर्वांसमोर आहे. राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. १९९२ मध्ये नाबार्डने स्वयंसहाय्य गट बँकांशी जोडण्याचा उपक्रम हाती घेतला. तेव्हा तारण नसलेल्या स्त्रीला बँकेचे दार उघडले. गटाचे बळ मोठ्या रकमेत नाही. ठरलेल्या दिवशी, चारचौघींसमोर, वहीत नोंद करून रक्कम भरण्यात आहे. बाजारच्या दिवशीच गटाची बैठक ठेवली, तर वाचलेले ६० रुपये पिशवीत जाण्याआधी वहीत जातील. याउलट, जिची नोंद नाही, पावती नाही, अशा भिशीत किंवा दामदुप्पट देण्याचे आमिष दाखविणाऱ्या योजनेत पैसा गुंतविणे म्हणजे पै पै करून जमविलेले धान्य फुटक्या कणगीत ओतण्यासारखे आहे.

कचेरीचा वाटा

येथवर काटकसरीचा उपदेश नागरिकाला झाला. परंतु ज्या दुसऱ्या फेरीपासून या विवेचनाचा आरंभ झाला, ती टाळणे एकट्या नागरिकाच्या हाती नाही. ‘साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या’ हे वाक्य उच्चारावयास दोन क्षण लागतात. ऐकणाऱ्याला त्याचे ६४० रुपये पडतात. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कोणत्याही लेखापरीक्षणात सापडत नाही. पण तो होतो, आणि ज्याला तो सर्वांत कमी परवडतो, त्याच्याच खिशातून होतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये अमलात आला. अधिसूचित सेवांची यादी, शुल्क, मुदत व जबाबदार अधिकारी यांची माहिती कार्यालयात लावणे आणि अर्जाची पोच देणे त्याने बंधनकारक केले. त्याच वर्षी शासनाने अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र स्वीकारण्याचा निर्णय घेतला. कायद्याने फलक लावावयास सांगितले. तो वाचता येईल अशा जागी व वाचता येईल अशा अक्षरात लावणे ही माणुसकी आहे. अर्ज घेतानाच सर्व त्रुटी एकदम सांगाव्यात. आज एक आणि पुढच्या खेपेस दुसरी, असे करू नये.

ग्रामपंचायतीलाही यासाठी मोठा निधी नको. पंचायतीच्या फलकावर एस. टी.चे वेळापत्रक, प्रवास-सवलतींची अद्ययावत यादी, प्रत्येक दाखल्यास लागणारी कागदपत्रे आणि मंडळ अधिकारी व ग्राममहसूल अधिकारी यांचे भेटीचे वार एवढे लिहिले, तरी पुरे. शिक्षकांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातच पासांचे अर्ज भरून घ्यावेत. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर वर्षातून एकदा ‘गावाचे हेलपाटे’ हा विषय घ्यावा. गेल्या वर्षी कोणत्या कामासाठी लोकांना दोनदा जावे लागले, हे लोकांच्याच तोंडून ऐकावे. गावातील शंभर कुटुंबांची वर्षातील एकेक फेरी टळली, तर आपल्या उदाहरणातील हिशेबाने ६४,००० रुपये गावात राहतील. त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.

सन १९२४ मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या परिषदेने ३१ ऑक्टोबर हा जागतिक बचत दिन ठरविला. भारतात १९८४ नंतर तो ३० ऑक्टोबरला पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, घोषवाक्ये लिहिली जातात. ते सारे व्हावे. पण बचतीची खरी कसोटी त्या दिवशी संध्याकाळी गावात परतणाऱ्या एस. टी.त लागेल. तीतून उतरणाऱ्या मजुराच्या हातात दाखला असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा गाडीची वाट पाहण्याऐवजी आपल्या कामावर गेलेला असेल, तर बचत दिन पाळला गेला, असे खुशाल समजावे.