गंजाचा फोड दिसला? वरून रंग मारू नका!

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज गंजावर बोलायचंय. आणि एक चूक कबूल करायचीये.

मी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत राहतो. काम सॉफ्टवेअरचं. दोन वर्षांपूर्वी इथे एक जुनी गाडी घेतली, माझदा एमएक्स-5, 2003 सालची. दोन सीट, कापडी छत, पॉवर मागच्या चाकांना. कॉलेजात जी फक्त यूट्यूबवर बघायचो, ती दारात उभी! व्हिडिओ कॉलवर दाखवली तर बाबा म्हणाले, "छान आहे. चाकावरचा पत्रा दाखव." आमचं घर रत्नागिरीचं. खारा वारा पत्र्याचं काय करतो, हे त्यांना बरोबर माहीत.

मागच्या दोन्ही चाकांवरच्या कमानीला, म्हणजे व्हील आर्चला, रंगाचा एकेक फोड होता. मुगाएवढा. डावीकडचा तसाच सोडला. उजवीकडचा डोळ्यांत खुपायचा, म्हणून जरा खरवडून टच-अप पेनने झाकला. दहा मिनिटांचं काम. एरर दिसू नये म्हणून आपण एक्सेप्शन गिळून टाकतो ना, अगदी तसंच.

इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते चाकाबरोबर उडतं आणि कमानीच्या आतल्या काठावर चिखलात अडकून बसतं. तिथे दोन पत्रे जोडलेले असतात, त्या फटीत ओल राहते. खाऱ्या पाण्यात लोखंड लवकर गंजतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरचा रंग फुगतो. म्हणजे बाहेर फोड दिसतो, तोपर्यंत आत बरंच काही झालेलं असू शकतं.

यंदा मे महिन्यात, कोरडी हवा बघून, गाडी उचलली, स्टँडवर ठेवली (नुसत्या जॅकवर कधीच नाही!) आणि मागची चाकं काढली. आतला चिखल धुतला, दोन दिवस सुकू दिलं. मग स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघितलं. डावीकडे पत्रा टणक. उजवीकडे, जिथे मी रंग लावला होता, तिथे टोक सरळ आत गेलं.

डावी बाजू घरीच केली. फोडाच्या आजूबाजूचा चांगला रंगही थोडा काढला, कारण गंज त्याच्याखाली पसरलेला असतो. वायर ब्रश, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, पत्रा चकचकीत होईपर्यंत. डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क. बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावलं, ते काळं पडून सुकलं. मग इपॉक्सी प्रायमर, रंग, वर लॅकर. शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: कमानीच्या आतल्या फटीत आणि पोकळीत गंजरोधक मेण फवारलं. फक्त बाहेरून रंगवलं असतं, तर गंज आतून परत आलाच असता. सगळा खर्च साठ पौंडांच्या आत.

उजवीकडे पुट्टी भरून रंगवायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू? पण पुट्टीला ताकद नसते. इथे दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. सस्पेन्शन किंवा सीट बेल्ट जिथे बसवलेत, तिथून 30 सेंटीमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास. कारण अपघातात तोच पत्रा आपल्याला धरून ठेवतो. शेवटी वेल्डरकडे गेलो. त्याने कुजका भाग कापून नवा पत्रा जोडला. साडेचारशे पौंड!

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग उजवीकडचं आधी का नाही केलंस?"
मी म्हटलं, "दिसतच नव्हतं."
"दिसेल कसं? तूच झाकलं होतंस ना?"

यावर काय बोलणार?

तुम्ही कोकणात, मुंबईत, गोव्यात असाल तर तिथे मीठ हवेतच आहे. पावसाळा संपला की गाडी खालून धुवा, सुकवा आणि कमानीच्या आतल्या काठावरून एकदा बोट फिरवा. खरखरीत लागलं तर त्याच आठवड्यात हात घाला. गाडी स्पोर्ट्स कार असो की घरची जुनी हॅचबॅक, हिशेब तोच.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!