काकडीवरच्या दोन घिरट्या

मध्यंतरी हैदराबादहून रात्रीच्या विमानाने शिर्डीला आलो, प्रवासी म्हणून. खिडकीतल्या मुलाने मोबाइलवरचा नकाशा पुढे केला. "काका, नेवासा जवळ आलं बघा." मला खाली नुसते दिवे दिसत होते. इतकी वर्षं विमान उडवलं, आणि माझ्याच जिल्ह्यातलं गाव मला त्याने सांगितलं!

मी 1980 च्या दशकाच्या शेवटी उडायला लागलो. तेव्हा वाट दाखवायला एक सुई असायची, जमिनीवरच्या रेडिओ केंद्राकडे तोंड करून राहणारी. पावसाळ्यात जवळ वीज कडाडली की ही बया केंद्र सोडून ढगाकडेच वळायची. म्हणजे ज्याच्यापासून लांब पळायचं, नेमकं तेच दाखवणार. नकाशांची जाडजूड फाइल असे, तिची जुनी पानं काढून नवी लावण्यात सुट्टीचा दिवस जायचा. आता सगळं टॅबलेटमध्ये. मोठ्या विमानात तिसरा माणूस असायचा, फ्लाइट इंजिनिअर. 1989 मध्ये आपल्याकडे एअरबस ए-320 आलं, त्यात त्याला खुर्चीच नव्हती. आणि लहान मुलं कॉकपिट बघायला यायची, ते 11 सप्टेंबर 2001 नंतर बंद झालं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण मला सांगायचंय ते काकडीचं. हो, शिर्डीचं विमानतळ ज्या गावात आहे त्याचं नाव काकडीच, तालुका कोपरगाव. 1 ऑक्टोबर 2017 ला ते सुरू झालं. धावपट्टी अडीच हजार मीटर, चांगली लांब. पण तेव्हा तिथे उतरायचं ते डोळ्यांनी बघून, दिवसाउजेडी, आणि निदान 5 किलोमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसत असेल तरच. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये तर धूसर हवेमुळे तिथली विमानं कितीतरी दिवस बंद होती.

असल्याच एका हिवाळी सकाळी मी मुंबईहून निघालो. निघताना हवा ठीक होती. आई गावाहून रिक्षाने कुंपणापाशी आली होती, पोराला आपल्या तालुक्यात उतरताना बघायला. वर आलो तर खाली दुधासारखा थर. टॉवरने आकडा सांगितला, 3 किलोमीटर. पहिली घिरटी मारली. दुसरी मारली. थराच्या एका फटीतून साखर कारखान्याचं धुराडं दिसलं, मग गोदावरीचं वळण. हा मुलूख मला पाठ, मी सायकलवर हिंडलेलो. मनात आलं, धुराड्यावरून उजवीकडे वळलं की समोर धावपट्टीच. आमच्या उमेदीच्या काळात असल्या अंदाजाला हुशारी म्हणत. खोटं कशाला बोलू, हात थोडा पुढे गेलाही.

शेजारी को-पायलट होती, माझ्या मुलीच्या वयाची. ती एवढंच म्हणाली, "सर, आकडा बसत नाही."

तिला ना ते धुराडं माहीत, ना नदी. मी विमान मुंबईकडे वळवलं. मागे प्रवासी चिडले. दर्शनाची वेळ चुकली होती, कुणाची परतीची तिकिटं होती. उतरताना एक आजोबा म्हणाले, "एवढ्या जवळ जाऊन माघारी आणलंत?" मी नुसती मान हलवली.

संध्याकाळी आईला फोन केला. ती रागावली नव्हती. म्हणाली, "दिसलं नाही रे काही. पण दोनदा आवाज आला. मी बाजूच्या बाईला सांगितलं, तो आमचाच आहे."

2025 च्या मार्चअखेर शिर्डीला रात्रीची विमानं उतरायला लागली. आई तोवर राहिली नाही. त्या दिवशी मी उतरलो तेव्हा धावपट्टीच्या दोन्ही कडांना दिवे लागलेले होते. शेजारचा मुलगा मोबाइलमध्येच बघत होता. त्याला म्हटलं, "अरे, बाहेर बघ."